झगा की चिलखत? स्कायरिममधल्या लढवय्या जादूगाराच्या दोन बांधण्या

एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात मंत्र घेऊन लढणारे पात्र घडवायचे, हे स्कायरिम या व्हिडिओ गेमच्या बहुतेक खेळाडूंचे हेल्गेनमधून, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या गावातून, बाहेर पडण्याआधीच ठरलेले असते. ठरत नाही ते त्याने अंगावर काय घालायचे हे. चित्रांतला लढवय्या जादूगार पायघोळ झगा घालून, उघड्या डोक्याने शत्रूंच्या गर्दीत शिरतो आणि ते दिसतेही देखणे. परंतु खेळाचे गणित अशा वेशाला फारसे अनुकूल नाही, म्हणून पर्कचे (कौशल्यांतल्या खास क्षमतांचे) गुण खर्च करण्याआधी झगा घातलेला आणि जड चिलखत घातलेला असे दोन लढवय्ये शेजारीशेजारी उभे करून पाहणे हिताचे ठरते. पुढील सर्व आकडे मॉड न टाकलेल्या मूळ खेळाचे, म्हणजे २०११ साली बेथेस्डाने आणलेल्या स्कायरिमचे आहेत. २०१६ च्या स्पेशल एडिशनमध्येही ते तसेच लागू पडतात.

आधी संरक्षणाचे गणित पाहू, कारण बरेचसे गैरसमज येथेच होतात. पडद्यावर दिसणाऱ्या आर्मर रेटिंगचा प्रत्येक गुण शारीरिक इजा ०.१२ टक्क्याने कमी करतो. त्याशिवाय चिलखताच्या प्रत्येक नगामागे ३ टक्क्यांचे छुपे संरक्षण मिळते, जे आकड्यात कुठेच दिसत नाही. शिरस्त्राण, छातीचे चिलखत, हातमोजे आणि बूट असे चार नग घातले की १२ टक्के फुकट पदरात पडतात. एकूण संरक्षणाची कमाल मर्यादा ८० टक्के आहे आणि चार नग घातलेला लढवय्या ५६७ च्या रेटिंगला तेथे पोहोचतो. स्मिथिंगचे, म्हणजे लोहारकामाचे, कौशल्य वाढवलेल्या कोणालाही हा आकडा गाठणे कठीण जात नाही.

झगेवाल्याची भिस्त अल्टरेशन विद्येवर असते. ओकफ्लेश ४० गुण देतो, स्टोनफ्लेश ६०, आयर्नफ्लेश ८० आणि एबनीफ्लेश १००. या प्रत्येक मंत्राचा अंमल ६० सेकंद राहतो. अंगावर चिलखताचा एकही नग नसेल, तर मेज आर्मर नावाचे तीन टप्प्यांचे पर्क हे गुण अनुक्रमे दुप्पट, अडीचपट आणि तिप्पट करते. त्यासाठी अल्टरेशनचे कौशल्य ३०, ५० आणि ७० लागते. म्हणजे तिन्ही टप्पे घेऊन एबनीफ्लेश टाकला की ३०० गुण, अर्थात ३६ टक्के संरक्षण मिळते. छुपे संरक्षण झग्याला मिळत नाही. पन्नास गुणांचा एक घाव घेतला, तर झगेवाल्याला ३२ गुणांची इजा होते आणि मर्यादा गाठलेल्या चिलखतवाल्याला १० गुणांची.

सुरुवातीला तरी झगा बरोबरी करत असेल, असे पुष्कळांना वाटते आणि मलाही तसेच वाटत असे. पण साध्या लोखंडी चिलखताच्या चार नगांची मूळ बेरीज ६० होते आणि छुपे संरक्षण धरून तेवढ्यावरच एकोणीस-वीस टक्के संरक्षण पदरात पडते. त्याच सुमारास मेज आर्मरचा पहिला टप्पा घेतलेल्या झगेवाल्याला स्टोनफ्लेशमधून १२० गुण, म्हणजे साडेचौदा टक्क्यांच्या आतच मिळतात, आणि तेही एका मिनिटापुरते. तेव्हा शारीरिक संरक्षणाच्या निकषावर झगा कोणत्याही टप्प्यावर जिंकत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. एकमेव अपवाद ड्रॅगनहाइडचा. हा मास्टर श्रेणीचा मंत्र थेट ८० टक्के संरक्षण देतो. मात्र त्याचा मूळ अंमल ३० सेकंदांचा, स्टॅबिलिटी पर्क घेतल्यावर ४५ सेकंदांचा असतो, आणि तो टाकायला दोन्ही हात मोकळे ठेवून काही क्षण उभे राहावे लागते. युद्धकुऱ्हाड घेऊन अंगावर धावून येणारा ड्रॉगर (थडग्यातून उठलेले प्रेत) तेवढी सवड देत नाही, म्हणून हा मंत्र दाराआडच टाकून घ्यावा लागतो.

मग झगा घालायचा तरी कशासाठी? त्याचे खरे उत्तर मॅजिका, म्हणजे मंत्रांसाठी खर्च होणारी शक्ती, भरून येण्याच्या वेगात आहे. लढाई चालू असताना मॅजिका दर सेकंदाला एकूण साठ्याच्या केवळ १ टक्का या संथ गतीने भरते. साठा २०० असेल तर सेकंदाला २ गुण. एवढ्यावर एका हाताने आगीचे मंत्र टाकत लढणे अशक्यच असते आणि चिलखत घातलेला नवखा जादूगार तिसऱ्या मंत्रानंतर निव्वळ तलवारबाज होऊन बसतो. एखाद्या विद्येसाठी बनवलेला नवशिक्याचा झगा ही गती ५० टक्क्यांनी वाढवतो आणि त्या विद्येच्या मंत्रांचा खर्च १२ टक्क्यांनी कमी करतो. मास्टर श्रेणीच्या झग्यात हेच आकडे १५० आणि २२ होतात, म्हणजे वरच्या उदाहरणातले सेकंदाचे २ गुण थेट ५ वर जातात. यासाठी ना एन्चांटिंग (वस्तूंवर मंत्र बसवण्याचे कौशल्य) शिकावे लागते, ना स्मिथिंग. विंटरहोल्डच्या जादूगारांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की तिथली मिराबेल एर्विन पहिला झगा स्वतःच हाती देते आणि पुढचे झगे दुकानांतून वा लुटीतून मिळत जातात.

लढवय्या जादूगाराला एकाच विद्येवर भागत नाही. अंगावरच्या संरक्षणासाठी अल्टरेशन, तलवारीसाठी कॉन्ज्युरेशन, जखमांसाठी रिस्टोरेशन आणि दूरच्या शत्रूसाठी डिस्ट्रक्शन अशा चार विद्या त्याला हाताळाव्या लागतात. त्यामुळे माझ्या मते त्याचा योग्य झगा एका विद्येचा नव्हे, तर आर्चमेजचा, म्हणजे कॉलेजच्या प्रमुखाचा. त्यात सर्व विद्यांचा खर्च १५ टक्क्यांनी घटतो, मॅजिकाचा साठा ५० ने वाढतो आणि भरण्याची गती १०० टक्क्यांनी वाढते. तो कॉलेजची कथा पूर्ण केल्यावर मिळतो आणि ही कथा पात्राची पातळी कमी असतानाही पुरी करता येते, ही सोय चिलखतवाल्याच्या वाट्याला येत नाही.

येथपर्यंत झग्याची बाजू भक्कम दिसते. तिला तडा जातो तो एन्चांटिंग १०० वर पोहोचल्यावर. त्या टप्प्यावर सर्व पर्क आणि ग्रँड सोल जेम (आत्मा साठवणारा मोठा मणी) वापरून डोके, छाती, अंगठी आणि गळ्यातली माळ अशा चार जागी एखाद्या विद्येचा खर्च प्रत्येकी २५ टक्क्यांनी कमी करता येतो, म्हणजे ती विद्या पूर्णपणे फुकट होते. एक्स्ट्रा इफेक्ट पर्कमुळे प्रत्येक नगावर दोन मंत्र बसवता येत असल्याने अशा दोन विद्या फुकट होतात. ही चारही स्थाने चिलखतवाल्यापाशीही असतात. डेड्रिक छातीचिलखतावर डिस्ट्रक्शनचा मंत्र बसवायला खेळ कुठलीच आडकाठी करत नाही, आणि मंत्र फुकट झाल्यावर मॅजिका किती वेगाने भरते या प्रश्नालाच अर्थ उरत नाही. थोडक्यात, पन्नाशीच्या पातळीपुढे झगेवाला आपली मुख्य कमाई गमावतो आणि त्याच्या शेजारी उभा असलेला लोखंडी जादूगार मंत्रही फुकट टाकतो आणि घावही पाचव्या हिश्श्यानेच सोसतो. झग्याच्या चाहत्यांना ही गोष्ट रुचत नाही, पण ती खरी आहे.

उलट बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. चिलखत जादूपुढे काहीच कामाचे नसते. ड्रॅगनचा अग्निश्वास किंवा नेक्रोमॅन्सरचा बर्फाचा भाला आर्मर रेटिंगकडे ढुंकूनही पाहत नाही. तेथे उपयोगी पडतो तो मॅजिक रेझिस्टन्स, म्हणजे जादूला होणारा विरोध. अल्टरेशनमध्येच त्याचे तीन पर्क आहेत आणि ते एकूण ३० टक्के देतात. ब्रेटन वंशाचे जन्मजात २५ टक्के आणि मॉर्थलच्या पूर्वेच्या लॉर्ड स्टोन या वरदान देणाऱ्या शिळेचे २५ टक्के त्यात मिळवले की ८० टक्के होतात. मर्यादा ८५ टक्क्यांची आहे. चिलखतवालाही हे पर्क घेऊ शकतो, नाही असे नाही. पण त्याला त्यासाठी एरवी न लागणारी विद्या मुद्दाम वाढवावी लागते, तर झगेवाला दिवसातून पन्नास वेळा अल्टरेशनचे मंत्र टाकत असल्याने तो तेथे आपसूकच पोहोचतो. लॉर्ड स्टोन वर आर्मरचे ५० गुणही देतो आणि त्यामुळे मेज आर्मर बिघडत नाही, म्हणून ३६ चे ४२ टक्के होतात. विंडहेल्मच्या दक्षिणेकडचा अॅट्रोनाख स्टोन काही जण सुचवतात. तो ५० टक्के जादू शोषून घेतो खरा, पण मॅजिका भरण्याची गती निम्म्याने घटवतो, आणि झग्याची सारी पुण्याई त्या गतीतच असताना हा सौदा मला पटत नाही.

वंशाबाबत अधिक लिहिण्यासारखे फार नाही. झग्यासाठी ब्रेटन घ्यावा. आगीचा सोस असेल तर डनमर चालतो, आणि चिलखतासाठी इम्पीरियल बरा, कारण त्याच्या सुरुवातीच्या कौशल्यांत जड चिलखत, एकहाती शस्त्र, डिस्ट्रक्शन आणि एन्चांटिंग या चारही गोष्टींना थोडी आघाडी मिळते.

तलवारीचा निर्णय पेहरावापासून वेगळा करून घेण्याची चूक अनेक जण करतात. बाउंड सोर्ड ही मंत्राने हातात अवतरणारी तलवार १२० सेकंद टिकते, तिला वजन नसते, आणि कॉन्ज्युरेशन २० वर मिळणारे मिस्टिक बाइंडिंग पर्क घेतले की तिची मूळ इजा ९ वरून १४ होते, म्हणजे डेड्रिक तलवारीइतकी. एकहाती शस्त्रांचे पर्क तिला लागू होतात. तिची उणीव एवढीच की तिला सहाणेवर धार लावून सुधारता येत नाही, आणि म्हणूनच स्मिथिंग १०० असलेल्याची डेड्रिक तलवार शेवटी तिला मागे टाकते. स्मिथिंगला हात न लावता जगायचे ठरवलेल्या झगेवाल्याला बाउंड सोर्ड साजते आणि चिलखतासाठी स्मिथिंग वाढवलेल्याला घडवलेली तलवार. यांची अदलाबदल केली, तर पर्कचे गुण दोन्हीकडे सांडतात. पर्कच्या एकूण खर्चात मात्र फारसा फरक नाही. झग्याला अल्टरेशनचे चार श्रेणीपर्क, मेज आर्मरचे तीन, मॅजिक रेझिस्टन्सचे तीन आणि स्टॅबिलिटी धरून अकरा लागतात; जड चिलखताच्या जगरनॉट पर्कचे पाच आणि डेड्रिकपर्यंतच्या स्मिथिंगचे पाच मिळून दुसऱ्या बाजूलाही आकडा दहावरच जातो.

वजनाचा फरक मात्र मोठा आहे. डेड्रिकचे चार नग मिळून ८१ वजनाचे होतात आणि झगा एक वजनाचा. जड चिलखताच्या कौशल्यात ७० वर कंडिशनिंग पर्क मिळेपर्यंत हे ओझे वाहत, मंद चालीने आणि खणखणाट करत फिरावे लागते, तर झगेवाला लुटीची पोती भरभरून आणतो आणि त्याची चाहूलही कमी लागते.

आता हाताच्या सवयीविषयी, कारण आकड्यांपेक्षा निर्णय बहुधा येथेच होतो. चिलखत एकदा घालून विसरता येते. झग्याचे संरक्षण दर मिनिटाला नव्याने अंगावर घ्यावे लागते. प्रत्येक लढाईच्या तोंडाशी आधी स्टोनफ्लेश, मग बाउंड सोर्ड, मग डाव्या हातात लढाईचा मंत्र असा क्रम लावायचा असतो आणि कौशल्ये पन्नाशीत असताना, अर्ध्या खर्चाची पर्क घेतल्यानंतरही, या पहिल्या दोन मंत्रांतच शंभरएक मॅजिका संपते. संगणकावर आवडत्या मंत्रांना १ ते ८ हे आकडे जोडून ठेवता येतात, त्यामुळे ही कसरत सुसह्य होते. हातातल्या कंट्रोलरवर मात्र बहुतेक वेळा यादी उघडून लढाई थांबवावी लागते आणि दहा तासांनंतर त्याचा कंटाळा येतो. ज्यांना असा विधी पूजेच्या तयारीसारखा आवडतो, त्यांना झगा नक्की भावेल. शिवाय झगेवाल्याचे खरे चिलखत म्हणजे शत्रूला हलू न देणे. अल्टरेशनमधला पॅरालाइझ मंत्र शत्रूला १० सेकंद जमिनीवर आडवे पाडतो, आणि डिस्ट्रक्शनमधले इम्पॅक्ट पर्क दोन्ही हातांनी टाकलेल्या मंत्राने त्याचा तोल घालवते. घाव सोसण्याऐवजी तो पडूच न देण्याकडे ज्याचा कल आहे, त्याला ३६ टक्के पुरतात.

स्टॅमिना दोन्ही बांधण्यांत दुर्लक्षित राहते, कारण पातळीमागे मिळणारे १० गुण आरोग्य आणि मॅजिका यांतच संपतात. यावर उपाय स्वयंपाकाच्या चुलीवर आहे. कोबी, लीक, बटाटा आणि टोमॅटो यांचे भाज्यांचे सूप ७२० सेकंद दर सेकंदाला आरोग्य आणि स्टॅमिना यांचा एकेक गुण परत देते, आणि स्टॅमिनाचा अगदी थोडा अंश असला तरी जोरकस वार करता येत असल्याने हे बारा मिनिटांचे सूप तलवारबाजासाठी महागड्या औषधांपेक्षा उपयोगी ठरते. रिस्टोरेशन ४० वर मिळणारे रेस्पाइट पर्कही घ्यावे. त्यामुळे जखमा भरणारा मंत्र स्टॅमिनाही भरून देतो.

खेळ किती कठीण ठेवणार, यावर माझी शिफारस अवलंबून आहे. अॅडेप्ट या मध्यम किंवा दीडपट इजेच्या एक्स्पर्ट काठिण्यावर आणि पात्राच्या साधारण चाळिसाव्या पातळीपर्यंतच खेळण्याचा बेत असेल, तर झगाच निवडावा; त्या टप्प्यात त्याची मॅजिका खेळाला गती देते आणि उणिवा भरून निघतात. लेजेंडरी या सर्वांत कठीण प्रकारावर शत्रूची इजा तिप्पट होते आणि खेळाडूची चौथाई. तेथे वरच्या उदाहरणातला पन्नासाचा घाव झगेवाल्याला ९६ गुणांचा आणि चिलखतवाल्याला ३० गुणांचा पडतो, म्हणून तेथे चिलखताशिवाय दुसरा सल्ला देणे मला जमणार नाही. हलके चिलखत हा मधला मार्ग आहे. वजन कमी आणि ८० टक्क्यांची मर्यादाही गाठता येते. पण त्यातही मेज आर्मर गमवावेच लागते, तेव्हा झग्याच्या प्रेमाखातर ते घेण्यात अर्थ नाही.

एक खबरदारी. मेज आर्मरवर गुण खर्च केले, की ते कौशल्य १०० वर नेऊन लेजेंडरी करून पुन्हा १५ पासून सुरू करेपर्यंत, किंवा ड्रॅगनबॉर्न विस्ताराची मुख्य कथा संपवेपर्यंत परत मिळत नाहीत. त्यामुळे ते घेण्याआधी एक संध्याकाळ नुसता झगा आणि पर्कशिवायचा ओकफ्लेश घेऊन ब्लीक फॉल्स बॅरो या ड्रॉगरांनी भरलेल्या प्राचीन थडग्यात उतरावे, लोखंडी चिलखत बाहेर सोबत्याजवळ ठेवावे, आणि तिसऱ्या ड्रॉगरनंतर आपला हात आपोआप मंत्रांच्या यादीकडे जातो की त्या चिलखताची आठवण येते, ते पाहावे.