सुरक्षा धोरण एका सर्व्हरवर ठेवावे की प्रत्येक नोडवर?

ज्या मोबाइल नेटवर्कमध्ये बेस स्टेशन नसते आणि नोड (नेटवर्कमधील प्रत्येक उपकरण) आपापसांतच जोडले जाऊन मार्ग शोधतात, तेथे कोणाला कशाची परवानगी आहे हे सांगणारे धोरण कोठे ठेवायचे, याचा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. तो घेताना दिलेली परवानगी परत कशी घेता येईल, याचा विचार सर्वांत आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

केंद्रीय पद्धत आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २००० साली मांडलेल्या रचनेत स्पष्ट दिसते. तीत एक घटक निर्णय घेतो, दुसरा तो अमलात आणतो आणि दोघांमधील संवाद ‘कॉप्स’ या प्रोटोकॉलद्वारे (संवादाच्या ठरलेल्या नियमांद्वारे) टीसीपी या डेटा खात्रीने पोहोचवणाऱ्या जोडणीवरून चालतो. नियम एकाच ठिकाणी बदलावा लागतो आणि परस्परविरोधी नियमही लवकर सापडतात, हे तिचे मोठे बळ आहे. जोडणी तुटल्यास नोडने स्थानिक निर्णय घ्यावेत, अशी तरतूद कॉप्समध्ये आहे. पण नोड सतत हलत असतील, तर अपवादासाठी केलेली ही सोयच नित्याची होऊन बसते.

विकेंद्रित पद्धतीत प्रत्येक नोड डिजिटल स्वाक्षरी केलेले धोरण स्वतःजवळ बाळगतो, त्यामुळे नेटवर्कचे दोन तुकडे झाले तरी काम थांबत नाही. मात्र एखादा नोड शत्रूच्या हाती पडला आणि त्याची परवानगी रद्द झाली, तरी ती बातमी पोहोचेपर्यंत दुसऱ्या तुकड्यात तो विश्वासूच मानला जातो. परवानगीची मुदत एक तास ठेवली, तर हा धोका साधारण तासापुरता मर्यादित होतो. परंतु त्यासाठी घड्याळे जुळलेली असावी लागतात आणि वारंवार होणाऱ्या नूतनीकरणाचा भार बॅटरीवर पडतो. शिवाय नूतनीकरण एकाच सर्व्हरकडे असेल, तर सर्व्हर आवाक्यात नसण्याची मूळ अडचण कायमच राहते. लिडोंग झोउ आणि झिग्मंट हास यांनी १९९९ मध्ये सुचवलेला, स्वाक्षरीची किल्ली (स्वाक्षरी करण्यासाठी लागणारा गुप्त संकेत) अनेक नोडमध्ये विभागण्याचा उपाय येथे मोलाचा ठरतो: पाचपैकी कोणतेही तीन एकत्र आल्यावरच स्वाक्षरी होत असेल, तर दोन नोड फितूर झाले तरी बनावट परवाना निघत नाही.

गटप्रमुख नोडकडे धोरण सोपवणे हा मधला मार्ग आहे, पण गटप्रमुख बदलताना धोरणाची कोणती आवृत्ती चालू आहे, याचा गोंधळ उडू शकतो.

सर्व्हर बहुतेक वेळ आवाक्यात राहणार असेल, तर मी केंद्रीय पद्धतच सुचवेन. तुकडे वारंवार पडणार असतील, तर अल्प मुदतीचे परवाने आणि विभागलेली किल्ली. कोणतीही पद्धत स्वीकारण्यापूर्वी चाचणीत नेटवर्क मुद्दाम तोडावे, एका तुकड्यातून एका नोडची परवानगी रद्द करावी आणि दुसऱ्या तुकड्यात तो नोड किती वेळ स्वीकारला जातो, हे मोजावे.