मायसिन, स्टॅनफर्ड : पाचपैकी साडेतीन तारे

बाजारात मिळणार नाही, तरी रिव्ह्यू लिहितेय. जन्म मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये स्लाइडी बघण्यात गेला, तेव्हा मायसिन या जुन्या संगणक प्रोग्रामबद्दल बोलायचा एवढा हक्क मला आहे. चालवायला नाही मिळाला; छापून आलेली त्याची संभाषणं मात्र ओळ न् ओळ वाचली आहेत.

१९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ब्रूस ब्युकॅनन आणि डॉ. स्टॅन्ली कोहेन यांच्या साथीनं तो रचला. रक्तात जंतुसंसर्ग झालाय किंवा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) आहे, तर कुठलं अँटिबायोटिक द्यायचं आणि किती, एवढंच त्याचं काम. प्रश्न अगदी आमच्या टेबलावरचे. नमुना कुठून घेतला? ग्रॅम पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, म्हणजे रंग दिल्यावर जंतू जांभळा दिसतो की गुलाबी? दंडाकृती की गोल? ऑक्सिजनशिवाय वाढतो का?

मला भावलं ते हे, की त्याला उलट विचारता येतं. त्यानं प्रश्न टाकला की ‘व्हाय’ टाइप करायचं. हा प्रश्न ज्या नियमासाठी हवा तो नियमच तो काढून दाखवतो. एक नमुना बघा : प्राथमिक बॅक्टेरिमिया (रक्तात जंतू) आहे, कल्चरचा (जंतू वाढवून बघायचा) नमुना एरवी निर्जंतुक असणाऱ्या जागेतून घेतलाय आणि जंतू पचनमार्गातून शिरल्याचा संशय आहे, तर तो बॅक्टेरॉइड्स (आतड्यात राहणारा एक जंतू) असावा, खात्री १ पैकी ०.७. ‘नक्की’ नाही हं, ०.७! आपली शंका अशी आकड्यात मांडणारा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) मला तरी कधी भेटला नाही. असे सुमारे ५०० नियम त्याच्या पोटात होते.

१९७९मध्ये परीक्षेचा निकाल छापून आला. मेनिंजायटिसच्या १० केसेस, ८ तज्ज्ञ परीक्षक, आणि कुठलं उत्तर कोणाचं ते झाकलेलं. मायसिनला ६५ टक्के. स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांत जो सगळ्यांत वर होता त्याला ६२.५. तरीही वॉर्डात तो कधीच रुजू झाला नाही. एका रुग्णामागे अर्धा तास टाइप करत बसायला कुठल्या डॉक्टरला फुरसत आहे?

दीड तारा कापलाय तो मुख्यतः कॉलऱ्यामुळे. आतड्यात कॉलऱ्याचा जंतू आहे असं सांगितलं तर मायसिन दोन आठवडे टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक द्या म्हणेल आणि गप्प बसेल, हे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९८४मध्ये लिहून ठेवलंय. जंतू मरतील हो, पण त्याआधी रुग्ण गेलेला असेल! अंगातलं पाणी आटत चाललंय, त्याचं काय? १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला कॉलरा झालेल्या निर्वासितांना डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं आणि माणसं वाचवली. मायसिनला जंतू कळत होता, खाटेवरचं माणूस कळत नव्हतं.

ती संभाषणं एमडीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी जरूर वाचावीत. आधी ग्रॅम स्टेन (तीच रंगाची तपासणी), मग बाकीचं, हे आम्ही घसा कोरडा करून सांगतो. तिथे ते आयतं उलगडून ठेवलंय.