प्रकल्पाला धनेश की उंदीर?

दापोलीच्या भाचीला बी.एस्सी.च्या प्रकल्पाला ‘बापपण आणि मेंदू’ हा विषय मिळालाय. धनेश पक्षी घ्यावा की उंदीर, यावर घरात दोन तट पडलेत.

खर्च म्हणाल तर धनेश जवळजवळ फुकट. देवराईतल्या जुन्या झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून कोंडून घेते, उरते चोचीएवढी फट. नर गळ्यातून एकेक उंबर वर काढतो नि त्या फटीतून भरवतो. दुर्बीण, वही आणि चिकाटी पुरे. वीण नेमकी आंब्याच्या गडबडीत, म्हणजे घरचे कुरकुरणारच! पण मेंदूतलं काहीच दिसायचं नाही. संरक्षित पक्षी, हात लावायची सोय नाही.

पुराव्याला उंदीरच. अननुभवी नर पिल्लांवर तुटून पडतो. समागमानंतर तीनेक आठवड्यांनी तोच त्यांना चाटतो, उचलून घरट्यात आणतो. मेंदूशास्त्रज्ञ कॅथरीन ड्युलाक यांच्या हार्वर्डमधल्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं, की हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाच्या) पुढच्या बाजूच्या, गॅलानिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी चेतवल्या तर असा नरही हल्ला सोडून पिल्लाला चाटायला लागतो. त्याच पेशी मारल्या, की बापाची माया आटते. हे कॉलेजात करून बघता येणार नाही, शोधनिबंधच वाचावे लागतील.

रानात बसायची हौस असेल तर धनेश. गुण मेंदूवर मिळणार असतील तर उंदीर, आणि मी त्याच तटात आहे.