खोडदची दुर्बिण बघून आलो, जावं का? जावंच
विज्ञान दिनाला पोराला घेऊन खोडदला जीएमआरटी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी महाकाय दुर्बिण, बघायला गेलो होतो, नारायणगावपासून जवळच आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, त्यातल्या 14 मधल्या भागात आणि बाकीच्या 25 किलोमीटरच्या परिसरात इंग्रजी वाय आकारात पसरलेल्या, लांबून बघितलं तरी तोंड उघडंच राहतं राव. जवळ गेल्यावर कळतं की डिश म्हणजे पत्रा नाहीच, स्टीलच्या तारांची जाळी आहे, वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी, ही आयडिया रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. याच माणसाने 1965 मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियातून आणलेल्या 32 छोट्या डिश लावून सूर्याचा अभ्यास सुरू केला होता, हे मला तिथं जाईपर्यंत माहीतच नव्हतं (आणि मी डोंबिवलीचा!).

सगळ्यात आवडलं ते हे की डोळ्याला दिसणारा सूर्य साधारण साडेपाच हजार डिग्रीचा, पण लांब रेडिओ लहरींमध्ये दिसतो तो त्याच्या बाहेरचा कोरोना, म्हणजे सूर्याभोवतीचं विरळ वायूचं आवरण, दहा लाख डिग्रीचं, त्यामुळे तिथे सूर्य मोठा दिसतो. मेलेल्या ताऱ्यांचे गरगर फिरणारे गाभे, म्हणजे पल्सार, तेही ही दुर्बिण ऐकते.

मोबाईल बंद ठेवा, त्याच्या सिग्नलपुढे आकाशातला सिग्नल म्हणजे काहीच नाही. ऊन मरणाचं, टोपी-पाणी न्या. येताना हायवेला एका ठिकाणी मिसळ खाल्ली ती मात्र अगदीच पांचट. दुर्बिणीला पाच स्टार, मिसळीला एक.