बाबांचं अँजिओप्लास्टीनंतरचं कार्डियाक रिहॅब – साडेतीन स्टार

बाबांना फेब्रुवारीत अटॅक आला, दोन स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या) टाकले, चौथ्या दिवशी डिस्चार्ज. कागदावर गोळ्यांची ही लांबलचक यादी आणि शेवटी एक ओळ, 'हलका व्यायाम करा'. हलका म्हणजे किती हो? वॉर्डात विचारलं तर म्हणे चाला की जमेल तेवढं. मग काय, बाबा पंधरा दिवस हॉल ते किचन फेऱ्या मारतायत, आंघोळीला गेले तरी आई दाराबाहेर उभी. रिहॅब, म्हणजे अटॅकनंतर देखरेखीखाली हळूहळू व्यायाम वाढवत नेणं, असा प्रकार असतो हेच आम्हाला कळलं ते बिल्डिंगमधल्या फिजिओ मुलीकडून, हॉस्पिटलमधून कोणी चकार शब्द काढला नव्हता.

भांडुप, मुलुंडकडे चार ठिकाणी फोन केले, एकाने 'फिजिओथेरपी आहे, गुडघ्याची' असं सांगितलं. शेवटी परळ-दादर पट्ट्यात एक सेंटर सापडलं (नाव टाकत नाही), 12 आठवडे, आठवड्याला 3 दिवस, एकूण 36 सेशन. वेळ सकाळी 10 ते 4 म्हणजे नोकरीवाल्याने काय करायचं देव जाणे, बाबा रिटायर्ड म्हणून निभावलं.

आता चांगलं सांगते. पहिल्या दिवशी 6 मिनिटं कॉरिडॉरमध्ये चालवून अंतर मोजलं, मग छातीला ईसीजीच्या वायरी चिकटवून ट्रेडमिलवर. तिथली फिजिओ दर थोड्या वेळाने विचारते, 'काका, दम किती लागला, 6 ते 20 मध्ये सांगा' (6 म्हणजे काहीच नाही, 20 म्हणजे पार थकलो). बाबा पहिल्यांदा म्हणाले, 6 पासून का, शून्य काय बंद आहे? तर ती म्हणाली, त्या आकड्याला 10 ने गुणलं की निरोगी माणसाचे ठोके साधारण येतात. पण बाबांची बीटा ब्लॉकरची गोळी चालू, तिने ठोके दाबलेले असतात, म्हणून नुसत्या पल्सवर न जाता तोंडी विचारतात. हे कोणीतरी शांतपणे समजावलं त्याचेच अर्धे पैसे वसूल.

पैशांवरून आठवलं, इन्शुरन्सवाल्यांनी अँजिओप्लास्टीचे निमूट दिले पण रिहॅबचं बिल 'ओपीडीमध्ये येतं', म्हणजे अ‍ॅडमिट न होता घेतलेला उपचार, म्हणून परत. 2017 ला सरकारने स्टेंटच्या किमतीला कॅप लावला, औषध लावलेला स्टेंट तेव्हा 30 हजारांच्या आत आला, पण स्टेंट टाकल्यानंतरच्या तीन महिन्यांचं कोणी बघतच नाही.

आणि हे महागड्या मशीनवरच होतं असंही नाही. आपल्याच देशात 24 हॉस्पिटलांत योगावर आधारित रिहॅब करून बघितलंय, जवळपास 4 हजार पेशंट, 12 आठवड्यांत 13 क्लास. मृत्यूदरात ठोस फरक दिसला नाही हे खरं, पण लोकांचं जगणं सुधारलं, कामाला लागले. मग पालिकेच्या दवाखान्यात एक सतरंजी टाकायला काय हरकत आहे?

दीड स्टार कापला तो वेळेसाठी, डाएटच्या कागदासाठी (अ‍ॅव्होकाडो, किन्वा! आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि बांगडा, त्यावर एक अक्षर नाही) आणि लिफ्टसाठी. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, पेशंट सगळे हार्टचे आणि लिफ्ट दोनदा बंद. दहाव्या आठवड्यात अशीच बंद होती तर मी वॉचमनशी भांडत बसले, वळून बघते तर बाबा नाहीत, जिना चढून वर गेलेसुद्धा. मी धापा टाकत पोचले तेव्हा फिजिओ मलाच विचारते, 'ताई, 6 ते 20 मध्ये सांगा'.