टिंक लायब्ररी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ग्राहकांचे मोबाइल क्रमांक एन्क्रिप्ट करून ठेवण्यासाठी आमच्या जावा प्रकल्पात गूगलची टिंक ही मुक्तस्रोत लायब्ररी आम्ही आठ महिन्यांपूर्वी आणली, आणि त्यामागचे कारण लाजिरवाणे होते. पूर्वी मजकूर कुलूपबंद करण्याची आणि उघडण्याची किल्ली (‘की’ म्हटले की मराठी वाक्यात घोळ होतो, म्हणून किल्लीच म्हणतो) आमच्याच एका क्लासमध्ये बाइट अ‍ॅरे म्हणून ठेवलेली असे. कोणीतरी त्या क्लासवर लॉम्बॉकचे (जावातला नेहमीचा कोड आपोआप लिहून देणाऱ्या साधनाचे) ‘डेटा’ अ‍ॅनोटेशन लावले आणि त्यातून आपोआप तयार झालेल्या ‘टूस्ट्रिंग’ने (ऑब्जेक्टमधली माहिती मजकूर म्हणून देणाऱ्या मेथडने) लॉगमध्ये चौकटी कंसात ३२ आकडे ओळीने छापले, काही उणे, काही अधिक. एईएस-२५६ या एन्क्रिप्शन पद्धतीची अख्खी किल्ली चव्हाट्यावर! फील्ड ‘प्रायव्हेट’ होते, हे विशेष.

टिंकमध्ये आपल्या हाती कीसेट हँडल, म्हणजे किल्ल्यांच्या संचाची नुसती मूठ, येते. त्याच्याकडून एन्क्रिप्ट-डिक्रिप्ट करणारा ऑब्जेक्ट मागून घ्यायचा. किल्लीचे बाइट मात्र सहजी मिळत नाहीत. ती उघडी काढायचीच झाली, तर ‘इनसिक्योर सीक्रेट की अ‍ॅक्सेस’ असे स्वतःच बोंब मारणारे टोकन द्यावे लागते, त्यामुळे कोड तपासताना तेवढे एक नाव शोधले तरी पुष्कळ काम होते. जीसीएम या एईएस वापरण्याच्या रीतीला लागणारा नॉन्सही (एकदाच वापरायचा आकडा) लायब्ररीच दर वेळी नवा काढते.

पहिला फटका बसला तो डेटाबेसमधल्या कॉलमच्या लांबीचा. दहा अंकी क्रमांकाला टिंकचा ५ बाइटांचा उपसर्ग, १२ बाइटांचा नॉन्स आणि १६ बाइटांचा टॅग (मजकुरात फेरफार झाला का ते ओळखण्याची खूण) जोडला की ४३ बाइट होतात, बेस-६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) ६० अक्षरे. आमचा कॉलम ३२ अक्षरांचा.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. त्या उपसर्गात किल्लीचा क्रमांक असल्यामुळे जुना मजकूर जुन्या किल्लीने उघडत राहतो, म्हणून किल्ली बदलणे सोपे आहे असे समजून मी नवी किल्ली थेट प्रायमरी (नवा मजकूर एन्क्रिप्ट करणारी) केली. दोनपैकी एका सर्व्हरच्या मेमरीत मात्र जुनाच कीसेट होता, आणि दुसऱ्याने नव्या किल्लीने लिहिलेल्या नोंदी त्याला उघडता येईनात. आता नवी किल्ली आधी सगळीकडे पोहोचवतो आणि मगच प्रायमरी करतो.

एक उणीव लायब्ररी बदलूनही राहिलीच. चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत किल्ली असतेच, आणि गार्बेज कलेक्टर (जावात मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) तिच्या प्रती कुठे सोडतो यावर आपला ताबा नसतो. म्हणून प्रॉडक्शनचा हीप डंप, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या मेमरीची नक्कल, घेण्याची परवानगी आम्ही दोघांपुरतीच ठेवली आहे.