बीसीए किट: जांभळा रंग खरा, पण तो कशाचा?

पेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूज करून गाळ तळाशी बसवला, वरचं लायसेट, म्हणजे फुटलेल्या पेशींतला द्रव, नव्या ट्यूबमध्ये घेतलं. जेलवर लोड करण्याआधी त्यात प्रोटीन किती आहे ते कळायला हवं. त्यासाठी अनेक लॅबमध्ये वर्षानुवर्षं पिअर्स कंपनीचं बीसीए (बायसिंकोनिनिक अ‍ॅसिड) किट असतं; ते रंगावरून प्रोटीनचं प्रमाण सांगतं. निकाल आधीच सांगून टाकते: डिटर्जंट घालून पेशी फोडत असाल तर रोजच्या कामाला यापेक्षा सोयीचं किट मिळणं कठीण. पण बफरमध्ये क्षपण करणारं डीटीटी थोड्याहून जास्त असेल किंवा तांबं पकडणारं ईजीटीए असेल तर साधं बीसीए घेऊ नका. ते तुम्हाला आकडा देईल, आणि तो आकडा खोटा असेल.

मोठ्या किटमध्ये रिएजंट 'ए'चं एक लिटर येतं, अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांत. 'बी'ची २५ मिलिलिटरची छोटी निळी बाटली असते, आणि बीएसएचे, म्हणजे गाईच्या अल्ब्युमिनचे, दहा अँप्यूल असतात. प्रत्येक अँप्यूलमध्ये १ मिलिलिटर, दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम. 'ए' म्हणजे ०.१ मोलर कॉस्टिकमध्ये धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, सोडियम टार्ट्रेट आणि बायसिंकोनिनिक अ‍ॅसिड. 'बी' म्हणजे ४ टक्के मोरचुदाचं पाणी, दुसरं काही नाही. प्रमाण ५० भाग 'ए'ला १ भाग 'बी', त्यामुळे एका लिटरला २० मिलिलिटर 'बी' लागतं आणि ५ मिलिलिटर उरतं. प्लेटमधल्या एका वेलमागे, म्हणजे खळग्यामागे, २०० मायक्रोलिटर धरले तर पाच हजार वेल सहज निघतात. सगळं खोलीच्या तापमानाला राहतं. कुणी जास्त काळजी घेऊन 'ए' फ्रीजमध्ये ठेवलं तर त्यात स्फटिक धरतात. बाटली फेकू नका, कोमट करून ढवळा, विरघळतात. रंग बदललेला दिसला तर मात्र टाकून द्या.

ही पद्धत पॉल स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. रसायन साधं आहे. अल्कली माध्यमात प्रोटीनमधले पेप्टाइड बंध तांब्याचा क्युप्रिक आयन पकडतात आणि त्याचं क्षपण होऊन क्युप्रस आयन तयार होतो. त्या एका क्युप्रस आयनाला बीसीएचे दोन रेणू दोन्ही बाजूंनी धरतात आणि जांभळा रंग येतो. तो ५६२ नॅनोमीटरला वाचायचा. थोडक्यात, हे किट प्रोटीन मोजत नाही, तांब्याचं किती क्षपण झालं ते मोजतं. ते प्रोटीनने केलं की आणखी कुणी, हे त्याला कळत नाही. या किटच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

तापमानाचाही मुद्दा आहे. कमी तापमानाला सिस्टीन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन हीच अमिनो अ‍ॅसिडं जास्त रंग देतात, त्यामुळे ती ज्या प्रोटीनमध्ये अधिक ते प्रोटीन आकड्यात फुगतं. तापमान वाढलं की पेप्टाइडच्या कण्याचा वाटा वाढतो आणि दोन प्रोटीनमधला फरक घटतो. म्हणून खोलीच्या तापमानाला दोन तास ठेवण्याची सवलत असली तरी ३७ अंशाला ३० मिनिटंच ठेवा. नमुना फारच पातळ असेल तर ट्यूबमध्ये ६० अंशाला ३० मिनिटं. तेव्हा ५ ते २५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढ्या कक्षेत वाचता येतं. प्लेटमधली नेहमीची कक्षा २० ते २००० आहे.

आता स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक संहतीचे बीएसएचे द्रव. माहितीपत्रकातल्या तक्त्याप्रमाणे गेलात तर पहिल्या नळीला ३००, दुसरीला ३७५ आणि तिसरीला ३२५ मायक्रोलिटर स्टॉक (अँप्यूलमधलं बीएसए) लागतो. बेरीज बरोबर १०००. म्हणजे अँप्यूल शेवटच्या थेंबापर्यंत संपतं. पण प्रत्यक्षात थोडा द्रव अँप्यूलच्या मानेत अडकतो, थोडा टिपच्या आत राहतो, आणि तिसऱ्या नळीला हमखास कमी पडतो. प्लेटसाठी एवढ्या आकारमानाची गरजच नसते. तीन-तीन वेल लावले तरी प्रत्येक स्टँडर्डचे ७५ मायक्रोलिटरच वापरात येतात. त्यापेक्षा असं करा: 'अ' नळीत १५० स्टॉक तसाच (२०००). 'आ'मध्ये १८० स्टॉक आणि ६० बफर (१५००). 'इ'मध्ये १६० स्टॉक आणि १६० बफर (१०००). 'ई'साठी 'आ'मधले ८० आणि बफर ८० (७५०). तिथून पुढे 'इ'पासून १६०ला १६० असं निम्मं करत ५००, २५० आणि १२५. १२५च्या नळीतून ४० घेऊन त्यात १६० बफर घातलं की २५. शेवटची नळी नुसत्या बफरची. अर्ध्या अँप्यूलमध्ये काम होतं, उरलेला स्टॉक छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशाला ठेवता येतो.

वर 'बफर' म्हटलं ते मुद्दाम. स्टँडर्ड पाण्यात आणि नमुने रिपा या पेशी फोडण्याच्या बफरमध्ये, ही चूक इतकी सर्रास होते की तिला कुणी चूकही म्हणत नाही. पेशी ज्या बफरमध्ये फोडल्या, त्याच बफरमध्ये स्टँडर्ड पातळ करा. नमुने पाच पट पातळ करणार असाल तर ते ज्यात पातळ करता, त्याचाही विचार करा. नमुन्याच्या वेलमध्ये शेवटी जे मिश्रण असेल, तेच स्टँडर्डच्या वेलमध्ये हवं.

वर्किंग रिएजंटचा, म्हणजे 'ए' आणि 'बी'च्या मिश्रणाचा, हिशेब: नऊ स्टँडर्ड आणि सहा नमुने म्हणजे पंधरा, प्रत्येकी तीन वेल म्हणजे पंचेचाळीस, गुणिले २०० मायक्रोलिटर म्हणजे ९ मिलिलिटर. १० मिलिलिटर 'ए'मध्ये ०.२ मिलिलिटर 'बी' घाला, थोडं जास्तीचं हाताशी राहतं. 'बी' घातल्याबरोबर गढूळपणा येतो, घाबरू नका. हलवलं की स्वच्छ पोपटी होतं. वेलमध्ये आधी २५ मायक्रोलिटर नमुना, मग २०० वर्किंग रिएजंट, अर्धा मिनिट शेकर, वर झाकण किंवा सील, आणि ३७ अंशाला अर्धा तास. नमुना जेमतेम असेल तर १० मायक्रोलिटरवरही भागतं, मात्र तेव्हा खालची मर्यादा २० वरून १२५ वर जाते.

बाहेर काढल्यावर प्लेट खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग वाचा. ही अभिक्रिया पूर्ण होऊन थांबत नाही; रंग हळूहळू चढतच राहतो. प्लेट रीडरवर सगळे वेल एका दमात वाचले जातात, त्यामुळे फारसं बिघडत नाही. क्युव्हेटवर एकेक ट्यूब वाचणाऱ्यांनी मात्र दहा मिनिटांत आटोपावं, नाहीतर शेवटच्या ट्यूबला फुकटचं प्रोटीन मिळतं.

प्लेट रीडरमध्ये घालण्याआधी पांढऱ्या कागदावर ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहा. एवढी एक सवय लावलीत तर अर्ध्या अडचणी तिथेच कळतात. शून्याचा वेल फिकट हिरवा असायला हवा. तोही जांभळा झाला असेल तर बफरमध्ये क्षपण करणारं काहीतरी आहे: डीटीटी, मर्कॅप्टोइथेनॉल, टीसीईपी. डीटीटी १ मिलिमोलरपर्यंत खपतं, मर्कॅप्टोइथेनॉल ०.०१ टक्क्यापर्यंत. जेलसाठी नमुना तयार करण्याच्या लेम्ली सँपल बफरमध्ये मर्कॅप्टोइथेनॉल याच्या शेकडो पट असतं. म्हणून मोजणी आधी, सँपल बफर नंतर. उलटा क्रम झाला तर बीसीएला काही अर्थ राहत नाही. ग्लुकोजसारख्या क्षपण करणाऱ्या साखरेचंही तेच, १० मिलिमोलरच्या पुढे नको.

उलट, सगळेच वेल हिरवे राहिले, २००० चा स्टँडर्डसुद्धा, तर तांबं दुसऱ्याच कुणीतरी पळवलंय. तांबं पकडणारं ईडीटीए १० मिलिमोलरपर्यंत चालतं. ईजीटीए अजिबात नको. गंमत अशी की या दोन प्रकारच्या अडथळ्यांची चाचणी वेगवेगळी आहे. नमुना २, ४, ८ पट पातळ करून पाहिला आणि गुणाकार करून काढलेली मूळ संहती प्रत्येक वेळी वाढत गेली, तर तांबं पकडणारा पदार्थ आहे हे ओळखावं. पातळ केल्याने त्याची पकड सैल होते. डीटीटी मात्र या परीक्षेत बहुतेकदा सापडत नाही, कारण त्याचा रंगही प्रोटीनबरोबर त्याच प्रमाणात घटतो. ते पकडायला पाण्याचा एक वेल आणि नुसत्या बफरचा एक वेल शेजारी-शेजारी लावावा लागतो. दोन वेलचा खर्च, पण प्रत्येक प्लेटवर करावा.

नमुनेच तेवढे अपेक्षेपेक्षा गडद, स्टँडर्ड ठीक, असं दिसलं तर लिपिड किंवा पेशी वाढवण्याचं उरलेलं माध्यम यांच्याकडे बोट दाखवा. लिपिडचा त्रास २ टक्के एसडीएस या डिटर्जंटने जातो. माध्यमाचा मामला जास्त चोरटा आहे. १० टक्के सीरम असलेल्या माध्यमात दर मिलिलिटरला सुमारे ३ ते ४ मिलिग्रॅम प्रोटीन असतं. १० लाख पेशींतून, पेशीच्या आकारानुसार, १०० ते ३०० मायक्रोग्रॅम प्रोटीन मिळतं. म्हणजे डिशच्या कडेला १०० मायक्रोलिटर माध्यम जरी राहिलं तरी मोजलेल्या प्रोटीनपैकी निम्म्याहून अधिक गाईचं असू शकतं. वर माध्यमातलं फिनॉल रेड रीडिंगमध्ये लुडबुड करतं ते वेगळंच. पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या बफरने) दोनदा धुवा आणि शेवटचा थेंब डिश तिरकी करून ओढून घ्या. याचं खापर किटवर फोडण्यात अर्थ नाही.

लायसेट टिपमधून तारेसारखं ओढलं जात असेल तर त्यात डीएनए आहे, आणि २५ मायक्रोलिटर म्हणून किती पडलं ते देवालाच ठाऊक. सोनिकेट करा किंवा बारीक सुईतून पाच-सहा वेळा ओढा. वेलमधला बुडबुडा सुईने फोडा. तीन वेलचं रीडिंग जुळत नाही तेव्हा आधी या दोन गोष्टी तपासाव्यात, मग पिपेटला दोष द्यावा.

आकडेमोडीत एकच आग्रह: सरळ रेषा ओढू नका. बीसीएचा कर्व्ह वरच्या टोकाला वाकतो. सरळ रेषेचा आर-स्क्वेअर ०.९९ आला तरी २५ आणि १२५ जवळचे आकडे बरेच सरकतात. द्विघाती समीकरण किंवा चार पॅरामीटरचा कर्व्ह बसवा, आणि २०००च्या वर गेलेला नमुना पातळ करून पुन्हा लावा. पाच पट पातळ केलेल्या नमुन्याचा आकडा ०.४८ आला तर मूळ लायसेट २.४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम हवं असेल तर ८.३ मायक्रोलिटर.

प्रोटीन मोजण्याच्या ब्रॅडफर्ड पद्धतीशी तुलना टळत नाही. १९७६ ची ती पद्धत पाच मिनिटांत ५९५ नॅनोमीटरला आकडा देते आणि डीटीटीची तिला फिकीर नाही. पण डिटर्जंट तिला सोसत नाही. बीसीए मात्र ५ टक्के एसडीएस किंवा ट्रायटन पचवतं, तिथे ब्रॅडफर्डची गाडी लवकरच अडते. शिवाय ब्रॅडफर्डमधला कूमासी हा रंग मुख्यतः आर्जिनिन या अमिनो अ‍ॅसिडला चिकटतो, आणि बीएसए त्याला इतका रंग देतं की अँटिबॉडी मोजताना बीएसएच्या कर्व्हवरून आकडा जवळपास निम्मा येतो. बीसीएमध्ये हा फरक बराच कमी आहे, तरी शुद्ध अँटिबॉडी मोजायची असेल तर स्टँडर्ड गॅमा ग्लोब्युलिनचंच घ्यावं. १९५१ ची लोरी पद्धत आज नव्याने सुरू करायचं कारण मला दिसत नाही.

डीटीटी टाळताच येत नसेल तर याच किटचं, क्षपणकारकांना चालणारं रूप मिळतं. किंवा चौपट गार अ‍ॅसिटोन घालून उणे २० अंशाला तासभर ठेवा, प्रोटीन खाली बसवा आणि स्वच्छ बफरमध्ये विरघळवा; मात्र गोळी फार सुकवलीत तर ती पुन्हा विरघळत नाही आणि तोटा तुमच्याच खात्यात जातो. मायक्रो बीसीए हे दुसरं रूप ट्यूबमध्ये ०.५ ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत उतरतं, पण त्यात नमुना आणि रिएजंट समसमान घ्यावे लागतात, म्हणजे बफरमधला अडथळाही तेवढाच जास्त भोवतो. स्तंभातून निघालेल्या पातळ फ्रॅक्शनसाठी ते ठीक, लायसेटसाठी नको.

उरलेलं वर्किंग रिएजंट घट्ट झाकणाच्या बाटलीत काही दिवस टिकतं, बाटलीवर तारीख घाला. प्लेटमधलं तांब्याचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये जमा करा.